कंत्राटी आर्किटेक्चर शिक्षकांची मुदतवाढ: स्टुडिओतलं काम तपासायचं कसं?

प्लिंथलेव्हल

खासगी विनाअनुदानित आर्किटेक्चर कॉलेज, विद्यापीठाशी संलग्न, वर्गात ४० मुलं. तीन साहाय्यक प्राध्यापकांचे अकरा महिन्यांचे करार मे अखेर संपतात आणि मुदतवाढ द्यायची की नाही याचा अहवाल विभागाने द्यायचाय. समितीत प्राचार्य, विभागप्रमुख म्हणून मी आणि संस्थेचा एक प्रतिनिधी.

हातात असलेला फॉर्म संस्थेच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला आहे. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची सरासरी, विषयाचा निकाल, हजेरी, शोधनिबंध. आमच्याकडे यातलं काहीच धड लागू पडत नाही. डिझाइनच्या सेशनलला (सत्रभराच्या कामाच्या गुणांना) जवळपास सगळीच मुलं पास होतात, त्यामुळे निकालावरून काहीच कळत नाही. स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा प्रत्यक्ष कामाचा वर्ग, दोघं मिळून घेतात, मग अभिप्राय नेमका कोणाचा?

तिघांची परिस्थिती अशी. दुसऱ्या वर्षाच्या स्टुडिओतल्या शिक्षिका मुलांच्या लाडक्या, पण मुलांच्या शीट्स (ड्रॉइंगचे कागद) कच्च्या वाटतात. तिसऱ्या वर्षाचे शिक्षक कडक, अभिप्राय खाली, ज्यूरीला (मुलांचं काम तपासणाऱ्या परीक्षकांच्या बैठकीला) बाहेरून येणारे मात्र त्यांच्या गटाचं काम वाखाणतात. तिसरे बिल्डिंग कन्स्ट्रक्शन शिकवतात, त्यांच्याबद्दल कोणी बरं बोलत नाही की वाईटही.

जानेवारी ते एप्रिल एवढा वेळ आहे. कोणता पुरावा गोळा करावा, त्याला किती वजन द्यावं आणि कागदावर काय असावं म्हणजे उद्या प्रकरण अंगाशी येणार नाही?

---

ट्रेसिंगपेपर

निकालाचा रकाना आधी खोडा. डिझाइनच्या शिक्षकाचं काम अंतिम शीटवर दिसत नाही. पहिल्या शीटपासून शेवटच्या शीटपर्यंत मूल कुठून कुठे आलं त्यात ते दिसतं. हुशार मुलांचा गट मिळाला तर शेवटच्या शीट्स लावलेली भिंत कोणाचीही देखणी दिसते. म्हणून गट कसे पाडले होते ते पहिल्यांदा पाहा. रोल नंबरने पाडले असतील तर ठीक. मुलांनी शिक्षक निवडले असतील तर दोन गटांची तुलना करूच नका, किंवा मागच्या सत्राचे डिझाइनचे गुण शेजारी ठेवून करा.

पहिला पुरावा टप्प्यांच्या शीट्सचा. प्रत्येक शिक्षकाच्या गटातली सहा मुलं काढा: दोन वरची, दोन मधली, दोन काठावरची. नावं समितीने काढायची, शिक्षकाने नाही, नाहीतर ठेवणीतलीच पुढे येतात. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याचं सबमिशन आणि फायनल, असे चार संच मांडा. मुलांकडे मूळ शीट्स उरलेल्या नसतात, तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक टप्प्याचे फोटो काढायचा शिरस्ता लावा, शेऱ्यांसकट. शेरे ट्रेसिंगवर दिलेले असतील तर ट्रेसिंग शीटला टाचून फोटो.

आता काय बघायचं? एक जिना घ्या. तिसऱ्या वर्षाची शाळा आहे, मजल्याची उंची ३.६ मीटर. राइझर (पायरीची उंची) १५० मिलिमीटर धरला तर २४ राइझर, दोन फ्लाइटमध्ये बारा-बारा. म्हणजे एका फ्लाइटला ११ ट्रेड (पाय ठेवायचा भाग), ३०० मिलिमीटरचे, लांबी ३.३ मीटर. जिना १.५ मीटर रुंद असेल तर मधलं लँडिंगही तेवढं, एकूण ४.८ मीटर, आणि यात मजल्याच्या पातळीवरची उभं राहायची जागा धरलेली नाही. मुलाच्या प्लॅनमध्ये जिना ३.६ मीटरच्या खोक्यात कोंबलेला दिसला तर लगेच शिक्षकाला दोष देऊ नका. मागचे टप्पे पाहा. आठव्या आठवड्याच्या शीटवर ‘जिना बसत नाही, सेक्शन काढ’ (सेक्शन म्हणजे इमारतीचा उभा छेद) असा शेरा आहे आणि मुलाने तो कानाआड केला, तर शिक्षकाने काम केलंय. चारही टप्प्यांत जिन्यावर एक रेघही नाही, तर शिक्षकाने सेक्शन मागितलाच नाही, किंवा मागितला आणि पाहिला नाही. एकावर एक येणाऱ्या टॉयलेटचं, डक्टचं, कॉलमच्या ग्रिडचंही हेच. सहा मुलांच्या शीट्समध्ये अशा चार-पाच जागा तपासल्या की चित्र बरंच स्पष्ट होतं.

उलटा दोषही असतो आणि तो लोकांच्या नजरेतून सुटतो. गटातल्या सगळ्यांच्या प्लॅनमध्ये तेच कोर्टयार्ड, तसाच तिरका ॲक्सिस. म्हणजे पेन्सिल शिक्षकाच्या हातात होती. अशा मुलाला ज्यूरीत ‘हा कॉलम इथेच का?’ विचारा, उत्तर येत नाही. बाहेरचे ज्युरर ज्या कामावर खूश होतात ते कधीकधी असलंच असतं. त्यामुळे तुमच्या कडक शिक्षकांच्या गटाचं कौतुक कानावर आलंय तेवढ्यावर जाऊ नका, मुलांना बोलतं करा.

दुसरा पुरावा क्रिटचा, म्हणजे शिक्षक टेबलावर येऊन मुलाच्या कामावर बोलतो त्याचा. ज्यूरीच्या दिवशी जाऊन बसण्यात अर्थ नाही, तो दिवस नाटकाचा असतो. साध्या स्टुडिओच्या दिवशी जा, एकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि एकदा नवव्या-दहाव्यात, दर वेळी तासभर. आठवडा कळवा, तास कळवू नका. गणित साधं आहे: तीन तासांचा स्टुडिओ म्हणजे १८० मिनिटं, हजेरी आणि सूचनांत वीस गेली तर उरली १६०. वीस मुलं असतील तर प्रत्येकी आठ मिनिटं. शिक्षक तीन आवडत्या मुलांवर पंचवीस-पंचवीस मिनिटं घालवत असेल तर उरलेल्या सतरांना जेमतेम पाच-पाच मिनिटं उरतात आणि मागच्या बाकांवरची दोन-तीन कायमची सुटतात. हे हजेरीपटावर कधीच दिसत नाही. क्रिट रजिस्टरवर दिसतं. एक वही, मुलाचं नाव, तारीख, एका ओळीत काय सांगितलं, पुढच्या वेळी काय आणायचं.

बसलेल्याने बोलायचं नाही. शिक्षक टेबलावरून पुढे सरकला की त्या मुलाला एवढंच विचारायचं: ‘पुढच्या वेळी काय आणणार?’ मुलाने ‘दोन पर्याय, दोन्हीचे सेक्शन, एक उतारावर बसवलेला’ असं सांगितलं तर क्रिट लागू पडला. ‘अजून डेव्हलप करायला सांगितलंय’ हे उत्तर चार टेबलांवर मिळालं तर तेच तुमचं निरीक्षण, शब्दशः लिहून ठेवा. तुमच्या लाडक्या शिक्षिकांच्या बाबतीत मी आधी हेच तपासेन. गोड बोलून मोघम सांगणारा शिक्षक मुलांना आवडतो आणि शीट्स कच्च्या राहतात. पण दुसऱ्या वर्षाच्या शीट्स कच्च्या असणं स्वाभाविकही असतं, म्हणून टप्पे पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

तिसरा पुरावा ब्रीफ, म्हणजे मुलांना दिलेला प्रकल्पाचा कागद. पाच मिनिटांत तपासून होतो. साइट प्लॅनवर लेव्हल आहेत का, क्षेत्रफळांचा तक्ता साइटवर बसतो का, टप्प्यांच्या तारखा आणि गुणांची विभागणी छापलेली आहे का. सत्राच्या मध्यावर ब्रीफ बदललं असेल तर कारण विचारा. साइट इतकी लांबची की मुलं एकदाच जाऊन आली, असंही होतं.

चौथा, गुणदान. तीच सहा मुलं, दुसऱ्या शिक्षकाने आधीचे गुण न पाहता तपासायची. शंभरात दहापेक्षा जास्त फरक पडला तर दोघांना समोर बसवून कारणं ऐका. वीसच्या वीस मुलं ७२ ते ७८ मध्ये असतील तर त्या शिक्षकाने गुण दिलेले नाहीत, वाटलेत.

---

आकडेमोड

अभिप्रायाबद्दल. वीस मुलांपैकी नऊंनी फॉर्म भरला. आठ जणांनी ४ दिले, एकाने १ दिला. सरासरी ३.६७, मध्यक ४. संस्थेची रेषा ३.७५ वर असेल तर एका रागावलेल्या मुलाने करार ठरवला. तेव्हा सरासरीऐवजी मध्यक घ्या आणि किती जणांनी भरला ते शेजारी छापा. निम्म्याहून कमी मुलांनी भरलेला अभिप्राय वाचायचा असतो, मोजायचा नसतो.

फॉर्म मोबाइलवर पाठवून दिला की नाराज आणि भक्त, दोघंच भरतात. वर्गात, शिक्षक बाहेर असताना, दहा मिनिटं देऊन भरून घ्या. सेशनलचे गुण कळायच्या आधी घ्या. आणि सबमिशनच्या आठवड्यात घेऊ नका, चार रात्री जागलेलं मूल कोणालाच चांगलं म्हणत नाही.

प्रश्नही बदला. ‘शिक्षकाचं विषयज्ञान कसं आहे’ याचं उत्तर दुसऱ्या वर्षाच्या मुलाने द्यावं ही अपेक्षाच चुकीची. मुलाने जे पाहिलंय तेच विचारा: गेल्या चार आठवड्यांत तुमच्या टेबलावर किती वेळा क्रिट झाला? क्रिटनंतर पुढे काय करायचं हे किती वेळा स्पष्ट होतं? मागच्या शेऱ्याची आठवण शिक्षकाने ठेवली का? गुण कशावर मिळणार हे आधी माहीत होतं का? शिक्षक ठरल्या वेळी स्टुडिओत असतात का? एवढे पाच पुरेत, खाली एक मोकळी जागा. स्टुडिओ दोघांचा असेल तर मुलाने आधी कोणाच्या टेबल-गटात होतो ते लिहायचं आणि फक्त त्याच शिक्षकाबद्दल भरायचं. ‘अभिप्राय कोणाचा’ हा तुमचा घोळ तिथेच सुटतो.

अपमान, शीट फाडणं, मुलींशी वागणूक असली तक्रार मोकळ्या जागेत आली तर ती अभिप्रायाच्या आकड्यात विरघळू देऊ नका. ती तक्रार निवारणाकडे किंवा, जशी असेल तशी, अंतर्गत तक्रार समितीकडे जायला हवी. ३.९ पडले म्हणून ती मिटत नाही.

---

कलम_पोटकलम

नियमांची बाजू, कारण इंजिनिअरिंगचा फॉर्म कुठून आला ते समजलं तर तो बाजूला ठेवणं सोपं जाईल.

एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) पदवी संस्थांसाठीच्या २०१९ च्या नियमांत ३६० अंशांचा अभिप्राय आहे: अध्यापन २५, विद्यार्थ्यांचा अभिप्राय २५, विभागाचं काम २०, संस्थेचं काम १०, गोपनीय अहवाल १०, समाजासाठी योगदान १०. तुमच्या फॉर्मचं मूळ बहुधा यातच आहे. पण आर्किटेक्चरच्या शिक्षणाची मानकं वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर ठरवते, आणि याबाबतीत एआयसीटीईचे नाही तर काउन्सिलचे नियम चालतील हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलंय, तेही कोल्हापूरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रकरणात. काउन्सिलचे सध्याचे किमान मानकांचे विनियम २०२० चे आहेत. संस्थेचा प्रतिनिधी ‘सगळ्या कॉलेजांना एकच फॉर्म’ म्हणाला तर एवढं सांगा.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ चे विनियम मात्र कामाचे आहेत. पदोन्नतीसाठीच्या तक्त्यात अध्यापन असं मोजलंय: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर चांगलं, ७० ते ८० समाधानकारक, ७० च्या खाली असमाधानकारक. हा तक्ता करारासाठी बंधनकारक नाही, पण स्वतःच्या मनाने रेषा ओढण्यापेक्षा ही वापरलेली बरी, बचाव करता येतो. त्याच विनियमांत साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितलंय. तुमच्याकडे स्टुडिओचे तास पूर्ण धरतात की निम्मे, हे आधी लेखी ठरवा. एकाला १२ तास स्टुडिओ आणि वर ८ तास थिअरी देऊन दुसऱ्याशी तुलना करायची हा अन्याय फार ठिकाणी चालतो.

टक्केवारी काढताना छेदात काय आहे ते बघा. काउन्सिलच्या इन्स्पेक्शनच्या कामाला लावलेले दिवस, विद्यापीठाच्या परीक्षेची ड्यूटी, अभ्यास दौरा, मंजूर रजा हे छेदातून वगळायचं. प्रसूती रजा तर वगळायचीच, आणि ती पाहून मुदतवाढ नाकारल्याचा वासही कागदाला येता कामा नये. करार मध्येच संपला तरी मातृत्व लाभ संपत नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे.

आता पत्राची भाषा. मुदतीचा करार मुदतीअखेर संपतो आणि ‘करार अमुक तारखेस संपुष्टात येत आहे, आपल्या सेवेबद्दल आभार’ एवढं पत्र देणं वेगळं. ‘आपण अकार्यक्षम असल्याने, विद्यार्थ्यांच्या तक्रारींमुळे’ असं लिहिलं की तो ठपका होतो, आणि चौकशी न करता, बाजू न ऐकता ठपका ठेवला म्हणून आदेश टिकत नाही. शब्द साधे ठेवून आत हेतू शिक्षेचा असला तरी न्यायालयं शब्दांच्या आत डोकावतात. म्हणून मूल्यमापनाची फाइल वेगळी आणि पत्र वेगळं, पण दोन्ही खरी.

आणखी एक गोष्ट फाइल उघडायच्या आधीच बघून घ्या. नेमणूक कशी झालीय? जाहिरात, विद्यापीठाच्या प्रतिनिधीसह निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, मंजूर पद, हे सगळं असूनही अकरा महिन्यांचे करार एक-एक दिवस खंड देऊन वर्षानुवर्षं चालवले असतील, तर तो माणूस कागदावर कंत्राटी असला तरी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खालच्या न्यायाधिकरणापुढे त्याची बाजू भक्कम असू शकते. तिथे ‘फक्त मुदतवाढ दिली नाही’ हे उत्तर पुरत नाही. अशा फाइलवर वकिलाचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

---

प्लिंथलेव्हल

खूप उपयोग झाला. तिघांपैकी दोघांची निवड समितीतून झालीय, कागद काढायला सांगतो.

तीन उपप्रश्न. बिल्डिंग कन्स्ट्रक्शनला टप्प्यांच्या शीट्स नसतात, तिथे काय पाहू? तिसऱ्या वर्षाच्या शिक्षकांची स्वतःची प्रॅक्टिस आहे, साइटवर स्लॅब ओतायचा असला की स्टुडिओ बुडतो. घेतलेल्या तासांची वर्षाची बेरीज ७३ टक्क्यांवर येते, पण साइटचं ज्ञान मुलांना मिळतं हेही खरं. आणि या सगळ्याचे गुण करून शंभरात बेरीज करायची का? संस्थेला एक आकडा हवाय.

---

कोबा_आणि_कौल

कन्स्ट्रक्शनचं सांगतो. या विषयात मुलं मागच्या वर्षीच्या शीटवरून नवीन शीट उतरवतात आणि शिक्षक टिकमार्क करतो, हा खरा रोग. तपासायचा असेल तर गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या दहा-दहा शीट्स शेजारी ठेवा. चूकही तीच उतरलेली दिसली, तर तपासणी झालीच नाही हे सिद्ध.

मग पाच मुलांना दहा मिनिटांत एक डीटेल कोऱ्या कागदावर काढायला द्या. उदाहरणार्थ, गच्चीचा स्लॅब पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) मिळतो तिथला सेक्शन. कोब्याला (स्लॅबवरच्या थराला) उतार आहे का आणि तो पाण्याच्या पाइपाकडेच जातो का, कोपऱ्यात गोलाई दिलीय का, वॉटरप्रूफिंग पॅरापेटवर वर चढवलंय की कोपऱ्यातच संपवलंय, कठड्याच्या माथ्यावरच्या कोपिंगला दोन्ही बाजूंना पाणी गळून पडायची खाच आहे का. पाचांपैकी तिघांनी कोबा सपाट काढला आणि वॉटरप्रूफिंग कोपऱ्यात सोडून दिलं, तर वर्षभर शीट्स सुंदर होत्या याला काही किंमत नाही. ‘पाणी कुठून शिरेल?’ असं विचारा. ज्या वर्गात शिक्षकाने बांधकाम शिकवलंय तिथे मूल लगेच बोट ठेवतं.

साइट व्हिजिटच्या नोंदीही पाहा. ‘साइट व्हिजिट, ४० विद्यार्थी’ एवढीच ओळ असेल तर ती सहल. कामाचा कोणता टप्पा पाहिला, मुलांनी मापं घेतली का, परत आल्यावर त्या मापांवरून १:१० ला काही काढलं का, हे हवं. सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) लागलेलं असताना नेलं की प्लास्टर झाल्यावर, एवढ्यावरून शिक्षकाची तयारी कळते. प्लास्टरखाली बघायला काही उरत नाही.

त्यांच्याबद्दल कोणी काही बोलत नाही म्हणालात. या विषयात ते चांगलं लक्षण असू शकतं किंवा अगदी वाईट, आणि वरची दहा मिनिटांची चाचणी ते सांगते.

---

ट्रेसिंगपेपर

प्रॅक्टिसवाल्यांचं: ७३ टक्के म्हणजे वर सांगितलेल्या तक्त्यात समाधानकारक, त्यामुळे हजेरीवरून त्यांना घालवता येत नाही आणि घालवूही नका. पण बुडलेले तास कोणते ते पाहा. बुडालेला स्टुडिओ आठवड्याच्या आत भरून काढला का, की नवव्या-दहाव्या आठवड्यात सलग चार स्टुडिओ गेले? मुलं प्लॅन गोठवत असतात तेव्हा गेलेला स्टुडिओ नंतर भरता येत नाही. स्लॅबची तारीख आदल्या दिवशी कळते हे मान्य, म्हणूनच अशांना दुसऱ्या शिक्षकाबरोबर जोडायचं असतं, एकट्याला वीस मुलं द्यायची नसतात.

साइटच्या ज्ञानाचा हिशोबही पुराव्यावर करा. त्यांनी स्वतःच्या कामाचा वर्किंग ड्रॉइंगचा संच मुलांपुढे उलगडला का, चालू साइटवर नेलं का, चुकलेला डीटेल दाखवला का? यातलं काही नाही आणि फक्त नाव मोठं, तर स्टुडिओला त्याचा उपयोग शून्य. आणि खरंच उपयोगी असतील पण पूर्ण वेळ जमत नसेल, तर व्हिजिटिंगचा करार द्या, आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक मानधन. पूर्णवेळच्या पगारावर अर्धवेळ काम चालवून घेतलं की बाकीचे दोघं हिशोब मांडतात आणि तो बरोबर असतो.

बेरजेला माझा विरोध आहे. शंभरात आकडा केला की विभागाच्या कामाचे दहापैकी दहा गुण क्रिटमधली पोकळी भरून काढतात. एक्झिबिशन छान लावणारा, नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फाइली वेळेत देणारा शिक्षक ८१ वर जातो. त्यापेक्षा पाच बाबी, प्रत्येकाला तीन पायऱ्या: चांगलं, पुरेसं, अपुरं. टप्प्यांच्या शीट्स, क्रिट, ब्रीफ आणि तयारी, गुणदान, अभिप्राय. पहिल्या दोनपैकी कोणतीही एक ‘अपुरं’ असेल तर बाकी काहीही असलं तरी बिनशर्त मुदतवाढ नाही. विभागाचं काम शेवटी एका ओळीत.

---

आकडेमोड

संस्थेला आकडा हवा असेल तर तो मिळेपर्यंत फाइल पुढे सरकणार नाही, हेही वास्तव आहे. मधला मार्ग: शीट्स आणि क्रिट मिळून ५०, ब्रीफ आणि तयारी १५, गुणदान १५, अभिप्राय १५, विभागाचं काम ५. पण प्रत्येक रकान्याला किमान मर्यादा ठेवा, पन्नासपैकी पंचवीसच्या खाली आला तर बेरीज करायचीच नाही. आणि ७४ विरुद्ध ७६ वर कधीही निर्णय घेऊ नका. सहा मुलांच्या शीट्सवरून काढलेल्या आकड्यात दोन गुणांचा फरक हा फरकच नसतो. तिघांनी वेगवेगळे गुण देऊन मग एकत्र बसा, आधी बसून मग गुण दिलेत तर प्राचार्यांचाच आकडा तीनदा छापला जातो.

---

मुदतीचा_माणूस

टेबलाच्या या बाजूचं कोणीच लिहिलं नाही म्हणून.

निकष शिक्षकाला कधी सांगितले? जुलैत रुजू होताना दिले नसतील तर जानेवारीत तरी लेखी द्या आणि फक्त त्यानंतरच्या कामाला लावा. जुलैपासूनच्या क्रिट रजिस्टरची मागणी एप्रिलमध्ये करायची, आणि ते ठेवायचं कोणी सांगितलंच नव्हतं, हे चालणार नाही. तुमच्या बाबतीत पहिल्या सत्राच्या टप्प्यांचे फोटो नसतील. तिथे पुरावा नाही असंच लिहा, आठवणीवर शेरा मारू नका.

क्रिट पाहायला येणाऱ्याने पाहिलेलं आठवड्याच्या आत लेखी द्यावं, दोन मुद्दे ठीक, दोन सुधारायचे, आणि शिक्षकाला त्यावर उत्तर लिहायला जागा. दुसऱ्या भेटीत त्याच दोन मुद्द्यांवर काय बदललं ते पाहावं. कळवून, वेळ देऊन बदल झाला नाही तर निर्णय शिक्षकालाही पटतो. नुसतीच पाहणी झाली आणि मेमध्ये थेट पत्र आलं तर तो माणूस न्यायाधिकरणाचा रस्ता विचारणारच.

शिक्षकाने स्वतः काय ठेवावं: दर टप्प्याचे फोटो, क्रिट रजिस्टर, ब्रीफच्या सर्व आवृत्त्या तारखेसह, बुडालेले आणि भरून काढलेले तास, इतर कामांना लावल्याचे आदेश, वर्गखोलीबाबतचे अर्ज. शेवटचं क्षुल्लक वाटतं. पण ४० मुलांना २४ ड्रॉइंग टेबलं असतील, प्रोजेक्टर बंद असेल आणि त्याचा अर्ज दिलेला असेल, तर ‘पिन-अप (शीट्स भिंतीवर लावून चर्चा) घेत नाही’ या शेऱ्याला उत्तर तयार असतं.

तारखांबद्दल सांगतो. निर्णय एप्रिल अखेरपर्यंत कळवा. इतर कॉलेजांच्या मुलाखती मे-जूनमध्ये होतात. ३० मेला ‘करार पुढे चालू नाही’ सांगितलं की त्या माणसाचं पुढचं वर्ष गेलं, आणि तुम्हालाही जुलैत घाईघाईने जो मिळेल तो घ्यावा लागतो. काउन्सिलच्या इन्स्पेक्शनसाठी नाव यादीत हवं म्हणून करार वाढवायचा आणि ते झालं की संपवायचा, असलं तर अजिबात करू नका. अशा वेळी फाइलमधले तारखांचे कागदच सगळं बोलतात.

---

कलम_पोटकलम

वरच्याला दुजोरा. सशर्त मुदतवाढ दिलीत तर अट मोजता येईल अशी लिहा. ‘अध्यापनात सुधारणा करावी’ ही अट नाही. ‘प्रत्येक विद्यार्थ्याचा आठवड्यातून किमान एक क्रिट, नोंद रजिस्टरमध्ये; आठव्या आठवड्याच्या सबमिशनला प्रत्येक प्रकल्पाचे किमान दोन सेक्शन, शेऱ्यांसह; आढावा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात’ ही अट. पत्रावर शिक्षकाची पोच घ्या. आणि संस्थेने काय द्यायचं तेही त्याच पत्रात, म्हणजे गटात वीसपेक्षा जास्त मुलं नसतील, स्टुडिओच्या दिवशी दुसरी ड्यूटी लावली जाणार नाही. दोन्ही बाजूंच्या अटी असल्या की ऑक्टोबरच्या आढाव्यात वाद कमी होतो.

---

प्लिंथलेव्हल

ठरवलंय असं: या आठवड्यात तिघांना निकषांचं पत्र, क्रिट रजिस्टर लगेच सुरू. नवीन सत्राच्या चौथ्या आठवड्यात पहिली भेट, शीट्सची सहा-सहा नावं समिती चिठ्ठ्या टाकून काढेल. तिसऱ्या वर्षाच्या शिक्षकांना व्हिजिटिंगचा पर्याय आत्ताच तोंडी विचारतो, एप्रिलपर्यंत थांबत नाही. कन्स्ट्रक्शनची पॅरापेटची चाचणी दुसऱ्या वर्षाला घेऊ की तिसऱ्या?

---

कोबा_आणि_कौल

तिसऱ्या. दुसऱ्या वर्षाला आरसीसीचा स्लॅब नुकताच झालेला असतो, वॉटरप्रूफिंग बहुतेक ठिकाणी नंतर येतं. आधी लेसन प्लॅनमध्ये बघा तो भाग शिकवून झालाय का, मगच कागद वाटा. आणि दुसऱ्या वर्षाला घ्यायचीच असेल तर विटेच्या भिंतीतल्या खिडकीचा सिल-लिंटेल सेक्शन द्या: लिंटेल (खिडकीवरची तुळई) दोन्ही बाजूंना भिंतीवर किती टेकलीय, छज्ज्याचा उतार कुठे, सिल (खिडकीखालचा कट्टा) बाहेर किती काढलीय. तेवढ्यावर भागतं.